तीन मुठी माती

कब्रस्तानात माणसं जमली होती. आईच्या कबरीशी गौस माती घेऊन थांबला होता. पहिल्या तीन मुठी देण्याचा हक्क लेकाचा. कोरोनात सोलापूरचे मृतदेह पुरणाऱ्या पथकाचा तो म्होरक्या, आणि खोऱ्यावर रेलून त्याच्याकडे पाहणारा ताबीश त्याच पथकातला. गेल्या साली ताबीशचा बाप कोरोनानं गेला, तेव्हा माती द्यायला आलेल्या त्याला गौसनंच फाटकाबाहेर अडवलं होतं: “घरच्यांना आत सोडायचं न्हाय. नियम म्हणजे नियम.” “द्या की, गौसभाई,” ताबीश म्हणाला, “आज फाटकावर कोण न्हाय.” गौसची मूठ उघडेना. “तवा दुरून माती द्यायला मनाई न्हवती, ताबीश,” तो सगळ्यांदेखत म्हणाला, “मीच भ्यालो, अन् भीतीलाच नियम म्हणालो. माझ्या आईला माझ्याआधी तू माती दे. माफ करशील का मला?” ताबीशनं वाकून मूठभर माती उचलली. ती छातीशी धरून तो कोपऱ्यातल्या, बापाच्या गवत चढलेल्या कबरीकडे चालू लागला.