विजयाची सुट्टी

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि जर्मनीतल्या कील गावात एक झकास रीत पडली. आपल्या पाणबुडीने शत्रूचं काही बुडवलं, की शाळेला सुट्टी! आणि आज तर टॉरपीडो सोडणारा होता वीबकेचा सख्खा दादा, हेनिंग. वीबके बाकावर चढून नाचली. शेजारच्या गेझीनाने तिला मिठीच मारली.

"तुझा दादा म्हणजे हिरा गं! नाहीतर आमचे बाबा! त्यांची पाणबुडी घासलेटवर चालते. लढते कमी आणि पांढरा धूरच जास्त सोडते."

दुपारी हेनिंग घरी आला आणि बूटही न काढता खुर्चीत बसला. वीबकेने मागून त्याच्या गळ्यात हात टाकले. "सांग ना दादा, कशी बुडवलीस इंग्रजांची पाणबुडी?"

"इंग्रजांची नव्हती गं," तो खाली बघत म्हणाला. "आपली की परकी ते ओळखायला मी खुणेचा दिवा दाखवला, उत्तर आलं नाही, म्हणून टॉरपीडो सोडला. त्यांच्याच धुराआड त्यांना दिवा दिसला नसणार. आत्ता बंदरात कळलं, ती आपलीच होती. गेझीनाच्या बाबांची. कुणीच वाचलं नाही."

वीबकेने त्याच्या गळ्यातले हात काढून घेतले. सकाळचा तो नाच आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात दार ढकलून गेझीना आत आली. तिच्या हातात केकची ताटली होती.

 

"हेनिंगदादा, आणखी एक बुडव ना! उद्या आमची गणिताची परीक्षा आहे."