टेंब्यांचा खोका

टेंब्यांनी झाकणावर ड्रॅगन असलेला खोका आपल्या जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि पोंक्ष्यांच्या पोटात दुखायला लागलं. एकेकाने एकेक पात्र व्हायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची, अशा खेळांच्या जुन्या जर्मन आवृत्त्या जमवायच्या म्हणून पोंक्षे खास जर्मन शिकले होते. नेमकी ही पहिली आवृत्ती त्यांना कायम हुलकावणी देत आली. आणि जर्मनचा गंधही नसलेल्या टेंब्यांना ती जुन्या बाजारात रद्दीत मिळावी!

खोका उघडला तेव्हा मात्र पोंक्ष्यांना जरा गार वाटलं. कोपरे फाटलेले, पानांवर चहाचे डाग, फाशांवरचे आकडे झिजलेले.

"अरेरे, पार वाट लावलीत की हो!" ते मनातून सुखावून म्हणाले.

"अहो, खेळतो ना आम्ही," टेंबे म्हणाले. तेवढ्यात त्यांची बायको सासूबाईंना हाताला धरून घेऊन आली. "चला, बसा. आईला कालपासून ड्रॅगनने गुहेत कोंडलंय."

म्हातारीने वीस बाजूंचा फासा टाकला. वीस आले. "सुटले गं बाई!" तिने टाळी वाजवली.

"चूक!" पोंक्ष्यांना राहवेना. "यात वीस आले की घात. नियम नीट छापलाय तिथे, जर्मनमध्ये."

टेंबे खजील झाले. म्हातारी मात्र कौतुकाने पोंक्ष्यांकडे वळली. "अगदी मुरलेले खेळाडू दिसता! तुमच्याकडे भिडू कोण कोण असतात?"

पोंक्ष्यांच्या कपाटातले फासे कोरे करकरीत होते. पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं.