जुनं टोकन

क्षमाने सकाळीच बटण दाबलं आणि जुनं टोकन कायमचं बंद झालं.

कंपनीच्या मेसेज पाठवणाऱ्या खात्याची ती गुप्त किल्ली कुणीतरी चुकून उघड्यावर टाकली होती, म्हणून नवी बनवणं भाग होतं. नवा रायपूरच्या ऑफिसात बसून तिने एकेक सर्व्हर उघडला, नवं टोकन टाकलं, सगळं सुरळीत चालू आहे ना ते पाहिलं. डबा उघडणार तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला.

"मी गुढियारीहून शालिग्राम बोलून राहिलो, पियुषचा बाबा. आज पोट्ट्याचा मेसेज नाही आला. त्याले काही झालं तर नाही ना?"

पियुष मागच्या वर्षीच ही नोकरी सोडून पुण्याला गेला होता.

"तुम्ही फोन नाही लावला त्याले, काका?"

"कामात राहते तो. चिडते."

क्षमाने शोधाशोध केली. टेस्टिंगच्या सर्व्हरवर पियुषने मागे ठेवलेला एक छोटासा प्रोग्राम सापडला. जुन्या टोकनवर तो रोज सकाळी एकच मेसेज पाठवायचा: 'बाबा, मी ठीक आहे. गोळी घेतली का?' त्याखाली बाबांची उत्तरं साचली होती. घेतली बेटा. आज पाय सुजला. दवाखान्यात भरती आहो, काळजी नको करू. एकही उत्तर कुणी उघडलेलं नव्हतं.

तिने पियुषला फोन लावला. तो ओशाळून हसला.

"दीदी, नया टोकन डाल दो ना उसमें. बाबा फालतू में टेंशन लेते हैं."

एका ओळीचं काम होतं. टोकन कॉपी करूनच ठेवलेलं होतं. पण तिने ती उत्तरं त्याला वाचून दाखवली. दवाखान्याच्या उत्तरापाशी आल्यावर तिकडचं हसणं थांबलं.

"नाही टाकत मी," ती म्हणाली. "तू फोन लाव."

संध्याकाळी शालिग्रामकाकांचा पुन्हा फोन आला. पियुष खूप वेळ बोलला, म्हणाले. रडला. शेवटी त्यांनाच त्याची समजूत घालावी लागली.

"थोडा बिघाड होता, काका," क्षमा चाचरत म्हणाली. "मशीनमध्ये..."

"मशीनच पाठवते, ते माहीत होतं न मले, बेटा. भरती झालो त्याच्या दुसऱ्या दिवशीही तिनं तेच विचारलं. पण मशीन चालू आहे म्हणजे पोट्टा ठीक आहे, एवढं तरी समजे. आता तिले दुरुस्त नको करू."