तीच जिंकायला पाहिजे

टीव्हीवर विजापूरकडची एक विधवा बाई परीक्षकांपुढं हुलग्याच्या शेंगोळ्यांचं ताट ठेवत होती, आणि इकडं भूममध्ये शिवलिंगप्पांच्या घरात वाद पेटला होता.

त्यांचा धाकटा मुलगा महांतेश म्हणत होता, जिंकायला पुण्याच्या हॉटेलातला पोरगाच पाहिजे. बाईला मतं पडतात ती चवीला नाहीत, तिच्या रडगाण्याला. शिवलिंगप्पांच्या बायकोला, इरम्मांना तर ती बाई पहिल्या भागापासून खटकत होती. नवरा जाऊन पुरतं वर्ष झालं नाही आणि ही परक्या माणसांत हसत उभी राहते, हे त्यांना बघवत नव्हतं.

शिवलिंगप्पा एरवी घरात फारसं बोलत नसत. आज त्यांना राहवलं नाही.

"घरात कुढत बसली असती तर तुमाला बरं वाटलं असतं व्हय? हाताला चव हाय, बाहेर पडली. लई हिंमत लागती त्याला. तीच जिंकायला पाहिजे."

उष्टी ताटं उचलणारी थोरली सून गायत्री हे ऐकून थांबली. तिचा नवरा गेल्या श्रावणात वारला होता. बरेच दिवस मनात घोळणारी गोष्ट तिनं तिथंच, हातात ताटं धरून सांगितली.

"मामा, स्टँडजवळच्या खानावळीत स्वयंपाकाला बाई पाहिजे. खानावळवाल्या मावशी मला बोलवायल्यात. सकाळचंच काम हाय. जाऊ का?"

महांतेशनं टीव्हीचा आवाज कमी केला. शिवलिंगप्पांनी बायकोकडं बघितलं. संध्याकाळपासून पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

"आपल्या घरच्या बाया लोकांच्या भाकरी थापायला जात न्हाईत," ते शांतपणे म्हणाले. "तुला इथं काय कमी हाय?"

ताटं मोरीत ठेवून, हात पुसून गायत्री परत आली, तोवर जाहिराती संपल्या होत्या. मतदान बंद व्हायला आलं होतं आणि बाई थोड्याच मतांनी मागं होती. शिवलिंगप्पांनी आपल्या फोनवरून मत टाकलं होतं. इरम्मांच्या फोनवरूनही टाकलं होतं, त्यांना न विचारता.

"गायत्री, तुझ्या फोनवरनं बी टाक एक. बिचारीला आधार व्हईल."

गायत्रीनं फोन घेतला आणि बाईच्या फोटोवर बोट ठेवलं. स्क्रीनवर अक्षरं उमटली : 'आपलं मत आमच्यापर्यंत पोहोचलं. धन्यवाद.'