शेवटचं पान

वह्या तपासायला घेतल्या की बाई आधी शेवटचं पान उघडायच्या. चोवीस वर्षांची खोड. पोरं त्यांना तिथंच भेटायची. कुणी मिशीवाल्या बाई काढून ठेवलेल्या, कुणी मैत्रिणीशी कट्टी जाहीर केलेली. एकीने तर 'आई परत येईल का' एवढंच गिरवून गिरवून पान फाडलं होतं.

यंदा वर्गात टॅब आले. गृहपाठ आपोआप तपासून येऊ लागला, मार्क वाढले, मुख्याध्यापक हवेत तरंगू लागले. बाई मात्र सवयीने प्रत्येक टॅबवर बोट सरकवत पार शेवटाला जायच्या. तिथं नुसतं 'शाब्बास!'

न राहवून त्यांनी कॉम्प्युटरच्या सरांना गाठलं. "यात शेवटी एक कोरं पान घालाल का?"

"मार्क किती ठेवू त्याला?"

"मार्क कसले डोंबलाचे! मला नुसतं वाचायचंय."

दुसऱ्या दिवशी बाईंनी एकेक टॅब उघडला. सगळ्यांची पानं कोरी. फक्त रोज दहापैकी दहा मिळवणाऱ्या एका अबोल मुलीने दोन ओळी लिहिल्या होत्या.

"बाई, हे पण टॅबच तपासतो का? तुम्ही वाचणार असाल, तर खरं काय ते लिहिते."