कॉर्व्हेटवाल्यांचा रामराम

"गाडीची चावी ठेवा टेबलावर, बाबा," रोबर्टा म्हणाली. "परवा शेजाऱ्यांची टपालपेटी आडवी केलीत."

"पेटीच मधे आली," एल्मर म्हणाला.

हे भांडण हिवाळाभर चाललं होतं. डोळे तपासायला म्हातारा तयार नव्हता, आणि हट्टात लेकही बापाचीच. शेवटी तोड निघाली. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ पावसानं धुऊन निघालं, की तळ्यापर्यंत एक फेरी मारायची. रोबर्टा शेजारी बसणार. जमलं तर चावी त्याची, नाहीतर तिची.

आज, रविवारी, तो दिवस उजाडला होता. गाडी गंजवणारं मीठ एकदा गेलं, की फ्लिंट गावात कॉर्व्हेटसारखी शौकाची गाडी घरात राहत नाही.

एल्मरचा या गाडीवर जीव होता. त्रेपन्न साली ती पहिल्यांदा याच गावात हातानं जुळवली गेली, तेव्हा तो विशीतला कामगार. पत्र्याऐवजी काचतंतूचं, म्हणजे फायबरचं अंग, बाहेरून सगळ्या पांढऱ्या, आतून लालभडक. त्या तंतूंनी रात्रभर हात खाजायचे. विकत घ्यायची ऐपत कुठली? पुढे चाळिशीत एक जुनी पांढरी मिळाली, तेव्हा हा गडी चक्क रडला होता.

"समोरून कॉर्व्हेट आली की हात करायचा," रोबर्टानं बजावलं. "एक जरी चुकली तरी खेळ खलास."

"मला शिकवतेस होय गं?"

कॉर्व्हेटवाल्यांचा हा रामरामच. ओळख असो नसो, हात वर होतोच. न करणाऱ्याला दिवसभर शिव्या बसतात.

तळ्याचा रस्ता एल्मरच्या पायाखालचा. कड धरून, संथपणे तो निघाला. लांबून एक लाल कॉर्व्हेट येताना दिसली. रोबर्टानं श्वास रोखून बापाकडे पाहिलं. त्याचा हात वर गेला.

मग निळी आली, मग दोन काळ्या. दरवेळी ती वळून बघायची आणि दरवेळी हात वर. मधेच दुसऱ्याच बनावटीची एक दिमाखदार गाडी भुर्रकन गेली. तिच्यावर एक नजर टाकून रोबर्टा पुन्हा खिडकीतून तळं बघू लागली. एल्मरनं बोटसुद्धा हलवलं नाही.

"वा! ही कॉर्व्हेट नाही, हेही ओळखलंत?" तिला हसू आलं. हिवाळाभर उगाच बापाला छळलं, असं वाटून ती खजील झाली.

घरासमोर गाडी अलगद थांबली.

"मीच मूर्ख. चावी तुमचीच, बाबा. आणि उद्यापासून डेलियाला शाळेतून तुम्हीच आणा, या गाडीतून. केव्हाची मागे लागलीय पोरगी."

नातीचं नाव ऐकून एल्मरचा चेहरा उतरला. मग त्यानं चावी काढली, चाचपडत लेकीचा हात शोधला आणि तिच्या मुठीत ती घट्ट दाबली.

"समोरचं मला काहीच दिसत नाही गं, पोरी. कडेचं तेवढं दिसतं. कॉर्व्हेट आली, की तू माझ्याकडे बघायचीस."