परसातले दगड

वाघाचं नाव निघालं की घराचा भाव पडतो, हे कवडूला पक्कं ठाऊक होतं. आणि पोरीला घेऊन गाव सोडायचं, तर घर विकणं भाग होतं.

"इथं वाघ येतो का?" नागपूरच्या शेठनं विचारलं.

"नाई जी! इकडं नाईच येत."

"मग काय कामाचं? मला रिसॉर्ट बांधायचंय." शेठ गाडीकडं निघाला.

कवडूनं त्याला हाताला धरून परसातल्या दगडांच्या ढिगापाशी आणलं.

"येते जी वाघ. माह्या बायकोले, सयत्राले, इथूनच ओढत नेलं. तवापासून येणारा-जाणारा तिच्या नावानं दगड ठेवते."

शेठनं ढिगाचा फोटो काढला.

"घेतलं घर. पाहुण्यांना हे दाखवू. फक्त ढीग जरा मोठा करून द्या."

कवडू खाली वाकून दगड वेचायला लागला.